जेल मॅनिक्युअरनंतर नखांचं काय झालं? तुमचे अनुभव सांगा

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिला जेल, म्हणजे दिव्याखाली घट्ट होणारं नेलपॉलिश, करून घ्यायचंय आणि ताई मला विचारतेय, "तू केलं होतंस ना, हिला करू देऊ का?" तिला काही सांगण्याआधी तुमचेही अनुभव हवे आहेत. आधी माझा सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पहिल्यांदा केलं. तीन आठवडे भांडी घासली, कणीक मळली, एक टवका उडाला नाही. साधं नेलपॉलिश माझ्या हातावर चार दिवस टिकत नाही, त्यामुळे मी खूश होते. मग अंगठ्यावरच्या जेलची कड जराशी सुटली आणि बसल्या बसल्या मी ती सोलून काढली. जेलबरोबर नखाचा पापुद्राही निघाला. खाली खरखरीत पांढरे चट्टे. लसूण सोलायला बसले की डोळ्यांत पाणी यायचं. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, तो अंगठा पुरता सुधारायला सहा महिने गेले.

डोंबिवली, पार्लरमध्ये काम करते

ताई, सोलून काढणाऱ्या बऱ्याच जणी येतात माझ्याकडे. नखाचं खरं नुकसान लावताना कमी, काढताना जास्त होतं. वरचा चकचकीत थर कानशीने हलका घासायचा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवायचा, वर फॉइल गुंडाळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. जेल सुरकुतून सुटं होतं, मग लाकडी काडीने अलगद सरकवायचं. नाही सरकलं तर अजून पाच मिनिटं. लग्नसराईत बाहेर रांग असते, तेव्हा काही ठिकाणी सरळ मशीनने घासतात. त्यात जेलखालचं नखही घासलं जातं. नखाला चटका बसला की हात मागे घ्या, भिडेपोटी गप्प बसू नका. आणि नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापू देऊ नका, नखुरडं व्हायला तेवढं पुरतं.

सातारा

मी चांगलंही सांगते. लहानपणापासून नखं कुरतडायची सवय, बोटांतून रक्त येईपर्यंत. जेलचा थर दातांना दाद देत नाही. चार महिने लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटाच्या पुढे आलेलं पांढरं नख पाहिलं. आईने हात हातात घेऊन बघितला होता. आता काही लावत नाही, तरी नखं शाबूत आहेत.

नागपूर

माझं ऐकून मगच घरी किट मागवा. तिसऱ्यांदा लावलं आणि नखांभोवती खाज सुटली. आठवड्यात बोटांच्या टोकांना बारीक फोड, कातडी फाटली, एक पापणीही सुजली. पापणीचा नि नखाचा संबंध माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली, त्यात 'हेमा' या रसायनाची ॲलर्जी निघाली. ओलं जेल मी कातडीवर सांडत होते, आणि दिवा कमी पडला तर ते आतून कच्चंच राहतं. ही ॲलर्जी सहसा जात नाही. दाताच्या डॉक्टरांनाही आता सांगावं लागतं, कारण दात भरण्याच्या काही मिश्रणांत त्याच कुळातली रसायनं असतात. दोन-तीनशे रुपये वाचवायला गेले होते!

म्युनिक

इकडे युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधल्या टीपीओ या रसायनावर बंदी आली. दिव्याखाली जेल घट्ट होण्यासाठी ते वापरत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननावर परिणाम दिसला होता. भारतात घेताना बाटलीवरचे घटक वाचाच. दिव्याचं म्हणाल तर तो अतिनील किरणांचा असतो. २०२३ साली सॅन डिएगोच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशी वीस मिनिटं अशा दिव्याखाली ठेवल्या, तर २० ते ३० टक्के मेल्या. त्या बशीतल्या पेशी होत्या, जिवंत हात नव्हे. तरी मी बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालून जाते.

नाशिक, ऑपरेशन थिएटरमधली नर्स

एकच सांगते. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतो तेव्हा गडद जेलमुळे आकडा चुकू शकतो, आणि ते पटकन पुसता येत नाही. ठरलेलं ऑपरेशन असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, तर आधीच काढून या.

धागा काढणारी

खूप खूप आभार सगळ्यांचे. ताईशी बोलले. भाची करणार आहे, हलक्या रंगाचं, पार्लरमध्येच. काढायला मी सोबत जाणार. अजून एक विचारते, शेजारच्या काकूंच्या नखावर जेलच्या कडेला हिरवट डाग दिसतोय. कुणाला झालंय असं?

डोंबिवली, पार्लरमध्ये काम करते

काकूंना म्हणावं, वर नवा थर चढवून झाकू नका. सुटलेल्या जेलखाली पाणी शिरून राहिलं की जंतू वाढतात. आज जेल काढा, नख कोरडं ठेवा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा.