व्हिक्टोरियन काचकामातला जपान : इंग्लंडमध्ये कुठे बघू?

अबोली : पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला भावाकडे जातेय, एक दिवस लंडनलाही. व्हिक्टोरियन शोभेच्या काचेवर जपानी कलेची छाप दिसते म्हणतात, ती बघायचीय. कुठे जाऊ, काय शोधू? एखादी वस्तू घ्यावी का?

खडीसाखर : लंडनला व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं काचेचं दालन आहेच. पण बर्मिंगहॅमला राहून स्टाउरब्रिज चुकवू नका, काचेचं माहेरघर ते! तिथल्या वर्ड्स्लीत २०२२ साली नवं ग्लास म्युझियम उघडलंय. रोज उघडं नसतं, वार बघून जा.

शोधायचं ते 'मात्सु-नो-के'. स्टाउरब्रिज भागातल्या स्टीव्हन्स अँड विल्यम्स या काच कारखान्याने १८८४ साली नोंदवलेली नक्षी. गरम असतानाच बिनरंगी काचेची गाठाळ, वेडीवाकडी फांदी भांड्यावर चिकटवायची, तिला फुलं. फांदी एका अंगाने चढते, बाकीचं भांडं चक्क मोकळं, जपानी छाप ती हीच. कधी तीच फांदी खाली वळून भांड्याचे पाय होते. तिथे जरा रेंगाळा.

फिरस्ता : आणि ख्रिस्तोफर ड्रेसर? १८७६-७७ मध्ये जपान फिरून आलेला ब्रिटिश डिझायनर. ग्लासगोच्या कूपर कारखान्यासाठी त्याने केलेली 'क्लुथा' काच बघाच. बुडबुडे, रेघा मुद्दाम ठेवलेत.

खडीसाखर : ड्रेसर थोरच, पण क्लुथाचे बरेचसे आकार रोमन नाहीतर इराणी वळणाचे. जपानी छाप शोधणाऱ्याने ते शेवटी बघावं. गंमत म्हणजे ही छाप जपानी काचेची नव्हेच. १८६२च्या लंडन प्रदर्शनात जपानमधले ब्रिटिश राजदूत ऑल्कॉक यांचा जपानी वस्तूंचा संग्रह मांडला होता. लाखकाम, ब्राँझ, ठशांची चित्रं यांवरून इंग्रज कारागिरांनी उचललं आणि काचेत बसवलं.

पणती : खरेदीचं सांगते. पिवळ्यातून गुलाबी होत जाणारी, फुलाफांद्या रंगवलेली 'बर्मीज' काच मोह पाडते. स्टाउरब्रिजचाच थॉमस वेब कारखाना ती १८८६पासून करत होता. तिच्यात युरेनियम असल्याने अतिनील टॉर्चखाली हिरवी चमकते, आणि विकणारे तेवढंच दाखवून 'बघा, जुनी!' म्हणतात. अमेरिकेतल्या फेंटन कारखान्याने १९७०पासून केलेली बर्मीजही तशीच चमकते. टॉर्चवर जाऊ नका, पावतीवर काळ आणि कारखाना लिहून मागा. मात्सु-नो-के घेताना फुलांच्या कडांवरून बोट फिरवा, टवके तिथेच उडालेले असतात.

अबोली : वा! अमेरिकेत काही आहे का? बहीण न्यूयॉर्क राज्यात असते.

फिरस्ता : मग तिला तिथल्याच कॉर्निंग गावच्या काचेच्या म्युझियमला पाठवा. स्टीव्हन्स अँड विल्यम्समधला फ्रेडरिक कार्डर १९०३ साली कॉर्निंगला गेला, तिथे स्टूबेन हा काच कारखाना काढला आणि पुढे मात्सु-नो-के नक्षी तिथेही केली.