चर्चा: तारणाची खात्री नाही म्हणजे तारणच नाही?

कृष्णाकाठ (सांगली): "ज्याला तारणाची शंभर टक्के खात्री नाही त्याचं तारण झालेलंच नाही", अशी पोस्ट आपल्या ख्रिस्ती ग्रुपवर फिरतेय आणि खाली आमेनांची रांग. तारण म्हणजे पापातून सुटका, सार्वकालिक जीवन. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. मिरजेत मिशन काढलं ते प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथानं. त्यांच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाचा, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचा, अठरावा अध्याय उघडा. खऱ्या विश्वासणाऱ्याचीही खात्री डळमळते, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. बायबलात मार्क ९ मधला आजारी पोराचा बाप तर येशूच्या तोंडावर म्हणाला, माझा अविश्वास घालवून टाका. पोरगं बरं झालंच की!

तासगावचा तरुण: पोस्ट मीच टाकली. १ योहान ५:१३ वाचा, सार्वकालिक जीवन मिळालंय हे कळावं म्हणूनच लिहिलंय. तुमच्या पिढीनं शंकेलाच नम्रता ठरवून टाकलंय, काका.

विट्याची वहिनी: खात्री राहू दे बाजूला. आमच्या सासूबाई चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षरसाचं, ताट आलं की पदर सावरायच्या, मान खाली घालायच्या आणि ते बोटभर पेले शेजारणीकडं सरकवायच्या. कारण काय, तर जावेशी बांधावरून भांडण. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी गल्लीत!

मिरजेचे आजोबा: ताटाचं काय घेऊन बसलात! माझ्या धाकट्याच्या दारूचं मी पाळकांना एकट्यात सांगितलं. बुधवारच्या सभेत विषय आला: "एका भावासाठी प्रार्थना करा, नाव घेत नाही, स्टँडमागं राहतात." त्यानंतर पोरगं चर्चची पायरी चढलं नाही.

सातारकर (मूळ वसई): आमच्या कॅथलिकांत पापनिवेदन फादरपाशी होतं. ते बाहेर फोडायची फादरला सक्त मनाई.

तासगावचा तरुण: माणसापुढं कशाला? थेट देवाला सांगा, १ योहान १:९. आणि सासूबाईंचं बरोबरच होतं. अयोग्य रीतीनं खाणारा दोषी ठरतो, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, १ करिंथ ११.

कृष्णाकाठ: बरोबर कसलं डोंबल! करिंथात काही जण आधीच पोटभर खाऊन झिंगत होते आणि गरीब उपाशी. पौल भडकलाय तो त्यावर. पुढच्याच ओळीत म्हणतो, स्वतःला पारखा आणि *मग खा*. ताट सरकवा असं कुठंय?

विट्याची वहिनी: हे त्यांना कुणी सांगितलं नाही ना! पण भाऊ, मत्तय ५ पण आहे. आधी समेट, मग अर्पण. बांध आपणच कोरलेला. नुसतं "प्रभूनं क्षमा केली" म्हणून जावेची जमीन परत जाते होय?

कृष्णाकाठ: नाही जात. बांध मागं घ्यायचाच. पण तो घेऊनही रात्री मन खात राहतं, त्यावर उतारा बायबलातलं जखऱ्या ३. महायाजक यहोशवा मळक्या वस्त्रांत उभा, शेजारी सैतान आरोप करतोय. आणि आरोप खोटा नव्हता हो, वस्त्रं खरंच मळकी होती! यहोशवा एक अक्षर बोलला नाही. सैतानाला धमकावलं देवानं, वस्त्रं बदलायला लावली देवानं. म्हणून खात्री स्वतःच्या छातीत चाचपायची नाही. तिथं एक दिवस भरती, चार दिवस ओहोटी.

मिरजेचे आजोबा: हे धाकट्याला सांगायला कोण येणार? ग्रुपवर सगळे शूर.

तासगावचा तरुण: आजोबा, मी येतो. रविवारी नको, शनिवारी संध्याकाळी. आणि काका, "झालेलंच नाही" एवढं काढतो पोस्टमधून. बाकी ठेवणार. शंका ही काही पदवी नव्हे.

कृष्णाकाठ: मान्य. उपकार झाले.

विट्याची वहिनी: जा बाबा. फक्त बुधवारच्या सभेत विषय देऊ नकोस.