फाइंडच्या आउटपुटमधून 'परमिशन डिनाइड'च्या ओळी जात नाहीत – मदत हवी आहे

उलटसुलट
फोनवरून लिहितेय, कळफलक मराठीच आहे, त्यामुळे कमांडही देवनागरीतच वाचून घ्या.

पूर्ण डिस्कवर कॉन्फिग फाइली शोधायच्यात. फाइंड (फाइली शोधणारी कमांड) चालवलं की 'परमिशन डिनाइड'च्या ओळींचा पाऊस पडतो आणि कामाच्या ओळी त्यात कुठे जातात ते कळत नाही. म्हणून ओळी गाळायला ग्रेप लावलं:

फाइंड / -नेम '*.कॉन्फ' | ग्रेप -व्ही 'परमिशन डिनाइड'

काडीचा फरक नाही. -व्ही म्हणजे न जुळणाऱ्या ओळीच दाखव, बरोबर ना? स्पेलिंग तपासलं, -आय लावून कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नही मिटवला. तरी त्या ओळी येतातच. आज संपवायचंय हे, लवकर सांगा. आणि 'मॅन पेज वाचा' असं कृपा करून कोणी लिहू नका.

मधलीसुट्टी
ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) कुठलं? एरर नेमकी जशी दिसते तशी टाका.

खटपट्या
सुडो लावा की सरळ, कमांड रूटच्या म्हणजे मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालेल. परवानगी नाही म्हणून ओरडतंय ना ते? मग परवानगी द्या. विषय संपला.

पाइपवाला
सुडोची गरज नाही. ग्रेपची चूक नाही आणि -व्ही चीही नाही. त्या ओळी ग्रेपपर्यंत पोचतच नाहीत.

प्रत्येक प्रोग्रॅमला सुरुवातीला तीन वाटा मिळतात. ० म्हणजे स्टँडर्ड इनपुट, १ म्हणजे स्टँडर्ड आउटपुट, २ म्हणजे स्टँडर्ड एरर. पाइप (ती उभी रेघ |) फक्त १ नंबरची वाट पकडतो. सापडलेल्या फाइली १ वरून जातात, तक्रारी २ वरून. २ नंबर थेट स्क्रीनवर येतो, ग्रेप बिचारा बाजूला बसून असतो. स्क्रीनवर दोन्ही एकत्र दिसतात म्हणून एकाच ठिकाणाहून येतात असं वाटतं.

उपाय:
फाइंड / -नेम '*.कॉन्फ' २>/डेव्ह/नल

/डेव्ह/नल म्हणजे कचराकुंडी, तिथे गेलेलं परत दिसत नाही. ग्रेप काढून टाका.

जुनाखोड
पाइपवाला यांनी कारण अचूक सांगितलं, उपाय मात्र आळशी आहे. /डेव्ह/नल मध्ये सगळ्याच एरर जातात. उद्या डिस्क मरायला टेकली आणि फाइंड 'इनपुट/आउटपुट एरर' म्हणून बोंबलत असेल, तर तेही तुम्हाला ऐकू येणार नाही. प्रश्न एका विशिष्ट संदेशाचा आहे, तर तेवढाच गाळा.

पाइपवाला
एक फाइल शोधायला बसलेल्या माणसाला डिस्कची तब्येत कशाला हवी? नव्वद टक्के वेळा हेच पुरतं.

जुनाखोड
उरलेल्या दहा टक्क्यांत नोकरी जाते.

विंडोजवासी
विंडोजवर फाइंडएसटीआर वापरा, आणि शेवटी २>नल लिहा. पॉवरशेल असेल तर गेट-चाइल्डआयटम ला -एररॲक्शन सायलेंटलीकंटिन्यू जोडा. माझ्याकडे मस्त चालतं.

तिरकीरेघ
'/' पासून शोधताहेत, विंडोज कुठून आलं मध्येच?

उलटसुलट
उबुंटू. बॅश. पाइपवाला यांचं लावून पाहिलं, आता तर एकही फाइल दिसत नाही. फक्त एक ओळ येते, 'पाथ्स मस्ट प्रिसीड एक्स्प्रेशन'. हा उपाय आहे की नवीन दुखणं?

तिरकीरेघ
'*.कॉन्फ' ला अवतरणचिन्हं दिलीत का? नसतील तर शेल आधीच तारका उलगडतं. चालू डिरेक्टरीत दोन-चार .कॉन्फ फाइली असतील तर त्यांची नावं फाइंडच्या पदरात पडतात आणि नेमकी हीच एरर येते.

उलटसुलट
दिलीत. पहिल्या पोस्टमध्ये दिसत नाहीत का?

मधलीसुट्टी
मग २ आणि > यांच्यामध्ये जागा सुटलीय का ते बघा. किंवा इथून कॉपी करून चिकटवलंय का? इथला २ देवनागरी आहे. शेलला फक्त रोमन आकडा वाटेचा नंबर म्हणून कळतो, आणि तोही > ला चिकटून असेल तरच. नाहीतर तो फाइंडचा एक सुटा आर्ग्युमेंट ठरतो, म्हणून 'पाथ्स मस्ट प्रिसीड'. आणि आकडा नसलेला > म्हणजे १ नंबरची वाट, म्हणजे फाइलींची वाट /डेव्ह/नल कडे वळली आणि एरर तेवढी स्क्रीनवर उरली. अगदी उलटं.

उलटसुलट
हां, हाताने टाइप केल्यावर चाललं. आता फाइली दिसतात.

पण हे स्क्रिप्टमध्ये टाकायचंय. स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालते, आणि बाकीच्या एरर मला सकाळी मेलमध्ये हव्यात. फक्त परमिशनवाल्या नकोत. आणि फाइंडच्या पुढे && लावून दुसरी कमांड आहे, ती कधी चालतच नाही. ते कसं करू?

जुनाखोड
मी काय म्हणत होतो!

पाइपवाला
क्रॉन, मेल, && हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये असतं तर पहिल्या उत्तरात संपलं असतं.

उलटसुलट
स्क्रिप्ट काय, टर्मिनल काय, कमांड तीच ना?

शून्यएक
नाही, पण ते सोडा. रिपग्रेप आणि एफडी बसवा, फाइंड-ग्रेपच्या जमान्यातून बाहेर या. एफडी परवानगीच्या एरर मुळात दाखवतच नाही, हव्या असतील तर --शो-एरर्स द्यावं लागतं. रिपग्रेपला --नो-मेसेजेस आहे. वेगाचं तर बोलायलाच नको.

जुनाखोड
त्यांना बाकीच्या एरर हव्यात, आणि तुम्ही सगळ्याच लपवणारं हत्यार देताय. शिवाय दोघंही गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) आणि लपलेल्या फाइली आपणहून वगळतात. पूर्ण डिस्कवर कॉन्फिग शोधणाऱ्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

शून्यएक
-यू दोनदा द्या, सगळं दिसतं. वाचल्याशिवाय विरोध करू नका.

तिरकीरेघ
बॅशमध्ये हे सुबक होतं:

फाइंड / -नेम '*.कॉन्फ' २> >(ग्रेप -व्ही 'परमिशन डिनाइड' >&२)

याला प्रोसेस सबस्टिट्यूशन म्हणतात. २ नंबरची वाट ग्रेपकडे जाते, ग्रेप परमिशनच्या ओळी खातो आणि उरलेल्या परत २ वर सोडतो. फाइलींच्या वाटेला हात लागत नाही. दोन > मध्ये जागा हवीच. आणि हो, आकडे रोमन.

उलटसुलट
टर्मिनलमध्ये झकास. क्रॉनच्या मेलमध्ये 'सिंटॅक्स एरर: रिडायरेक्शन अनएक्स्पेक्टेड'. असं का?

मधलीसुट्टी
स्क्रिप्टची पहिली ओळ काय आहे? क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकात) ओळ कशी लिहिलीय?

उलटसुलट
एसएच स्क्रिप्टचं नाव, असं लिहिलंय. सगळेच तसं लिहितात.

मधलीसुट्टी
उबुंटूवर /बिन/एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश. डॅशला प्रोसेस सबस्टिट्यूशन येत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं असलं तरी एसएच ने हाक मारली की ती ओळ नुसती कॉमेंट ठरते. एसएच च्या जागी बॅश लिहा, एवढंच.

जुनाखोड
किंवा कुठल्याही शेलमध्ये चालणारं शिका:

{ फाइंड / -नेम '*.कॉन्फ' २>&१ १>&३ | ग्रेप -व्ही 'परमिशन डिनाइड' >&२; } ३>&१

बाहेरचं ३>&१ आधी लागू होतं, म्हणजे मूळ आउटपुटची एक प्रत ३ वर ठेवली. आत फाइंडचा १ पाइपला जोडलेला असतो. २>&१ ने तक्रारी पाइपमध्ये गेल्या, मग १>&३ ने फाइली पाइपमधून काढून मूळ जागी पाठवल्या. क्रम डावीकडून उजवीकडे वाचायचा. तो उलटा केलात तर तक्रारीही फाइलींच्या मागे जातील आणि ग्रेपच्या हाती काही लागणार नाही. लोक >/डेव्ह/नल २>&१ आणि २>&१ >/डेव्ह/नल एकच समजतात, तिथेही हाच घोळ. पहिल्यात दोन्ही गप्प, दुसऱ्यात एरर स्क्रीनवर.

पाइपवाला
हे सहा महिन्यांनी वाचणाऱ्या माणसाची दया येते. स्वतः लिहिणाऱ्यालाही कळणार नाही.

खटपट्या
अजूनही म्हणतो, सुडो. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये टाका, एकही परमिशन डिनाइड येणार नाही.

जुनाखोड
एररच्या ओळी नको म्हणून रोज रात्री रूटच्या अधिकाराने स्क्रिप्ट फिरवायची? त्या && च्या पुढे काय आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला? तिथे आरएम (फाइली पुसणारी कमांड) निघालं तर?

मधलीसुट्टी
तो && चा प्रश्न राहूनच गेला. संदेश लपवल्याने एक्झिट स्टेटस (कमांड संपताना परत करते तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) बदलत नाही. वाटेत एखादी जरी डिरेक्टरी वाचता आली नाही तरी फाइंड शेवटी शून्याऐवजी दुसरा आकडा परत करतं, आणि && फक्त शून्यावर पुढे जातं. म्हणून तुमची दुसरी कमांड कधीच चालत नाही, मग २>/डेव्ह/नल लावा की काही.

जुनाखोड यांच्या युक्तीत याच्या उलट होतं. तिथे पाइपचं स्टेटस ग्रेपचं धरलं जातं. ग्रेपला दाखवायला एकही ओळ उरली नाही तर ते १ परत करतं. म्हणजे ज्या रात्री सगळं सुरळीत त्या रात्री && अडणार, आणि ज्या रात्री खरंच काही बिघडलंय त्या रात्री पुढची कमांड बिनदिक्कत चालणार. स्क्रिप्टमध्ये सेट -ई (कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबव) असेल तर आणखी मजा.

जुनाखोड
मान्य. ग्रेपच्या जागी सेड -ई '/परमिशन डिनाइड/डी' घाला, सेड ओळी गाळून नेहमी शून्यच देतं. मात्र मग && ला काही अर्थ राहत नाही हेही खरं.

तिरकीरेघ
एरर गाळण्यापेक्षा ती येऊच न देणं बरं. जीएनयू फाइंडला -रीडेबल आहे:

फाइंड / ! -रीडेबल -प्रून -ओ -नेम '*.कॉन्फ' -प्रिंट

वाचता न येणाऱ्या ठिकाणी शिरायचंच नाही. शेवटचं -प्रिंट विसरू नका, नाहीतर ज्या जागा टाळल्या त्यांचीही नावं यादीत येतात.

मधलीसुट्टी
यात एक खड्डा आहे. ! -रीडेबल नुसत्या डिरेक्टरीला नाही, फाइलीलाही लागतं. समजा /ईटीसी मधली एखादी .कॉन्फ फक्त रूटला वाचता येते. फाइंडला तिचं नाव दिसतं, ती यादीत यायला हवी, पण तुमच्या कमांडने ती गुपचूप गळते. सुरुवातीला -टाइप डी घाला:

फाइंड / -टाइप डी ! -रीडेबल -प्रून -ओ -नेम '*.कॉन्फ' -प्रिंट

तरीही /प्रॉक मध्ये (तिथे चालू प्रोसेसची माहिती असते) शोधता शोधता एखादी प्रोसेस संपली की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येईलच. /प्रॉक मध्ये कॉन्फिग कोणी शोधत नाही, तेही -पाथ /प्रॉक -प्रून ने वगळा.

शून्यएक
त्यापेक्षा -एक्सडेव्ह. दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये पाऊलच टाकत नाही, /प्रॉक आणि /सिस दोन्ही सुटतात.

मधलीसुट्टी
/होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही सुटेल.

विंडोजवासी
लोकेट वापरा ना. आधीच बनवलेल्या यादीत शोधतं, क्षणात उत्तर.

तिरकीरेघ
विंडोजवासी लिनक्सवर आले, स्वागत आहे. पण लोकेटची यादी अपडेटडीबी शेवटचं चाललं तेव्हाची असते. त्यानंतर आलेल्या फाइली त्यात नसतात.

पाइपवाला
एवढी पंडिती झाली, आता माणसासारखं उत्तर देतो:

फाइंड / -नेम '*.कॉन्फ' >यादी.टीएक्सटी २>तक्रारी.टीएक्सटी
ग्रेप -व्ही 'परमिशन डिनाइड' तक्रारी.टीएक्सटी

पहिल्या ओळीत दोन वाटा दोन फाइलींत. दुसरी ओळ जे छापेल ते क्रॉन आपोआप मेल करतं. काही छापलं नाही तर मेल नाही. बॅश, डॅश, काहीही असो, चालतं. && च्या जागी 'यादी रिकामी नसेल तर' अशी अट घाला: [ -एस यादी.टीएक्सटी ] && पुढची कमांड.

जुनाखोड
हे मात्र चांगलं आहे. एकच भर, फाइंडच्या आधी एलसी_ऑल=सी लिहा. मशीनची भाषा बदललेली असेल तर संदेशही त्या भाषेत येतो आणि मग 'परमिशन डिनाइड' हे शब्दच सापडत नाहीत.

उलटसुलट
पाइपवाला यांचं घेतलं, एलसी_ऑल सकट. हाताने चालवून पाहिलं, तक्रारींत /प्रॉकच्या तीन ओळी उरल्या, त्या -प्रून ने काढते. बाकीचं वाचायला वेळ नाही. आता पुढचं: याच फाइलींत ग्रेप -आर ने एक शब्द शोधतेय, तिथेही तेच, शिवाय 'बायनरी फाइल मॅचेस'. -एस लावलं तर परमिशनवाल्या गेल्या, बायनरीवाल्या नाही.

मधलीसुट्टी
-एस फक्त नसलेल्या आणि न वाचता येणाऱ्या फाइलींच्या तक्रारी दाबतं. बायनरीसाठी कॅपिटल -आय द्या, बायनरी फाइली न जुळणाऱ्या धरल्या जातात. आधी वापरलेलं स्मॉल -आय वेगळं. आणि ग्रेपची आवृत्ती बघा. २०२० मधल्या ३.५ पासून तो बायनरीचा संदेश २ नंबरच्या वाटेने येतो, त्याआधी १ नंबरने यायचा, म्हणून जुन्या मशीनवर २>/डेव्ह/नल लावूनही तो जात नाही.

खटपट्या
मॅकवर मी सुडो लावतो तरी फाइंड 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणतं. वरचं ग्रेप त्यालाही चालेल का?

तिरकीरेघ
सुडोने विषय संपतो ना, खटपट्या?

तो संदेश वेगळा, त्यामुळे वरचं ग्रेप त्याला पकडणार नाही. ग्रेपला -ई दोनदा देऊन दोन्ही संदेश लिहा. बरेचदा ते मॅकच्या प्रायव्हसीचं कुलूप असतं, रूटलाही अडवतं. सेटिंग्जमध्ये टर्मिनलला फुल डिस्क ॲक्सेस द्या, मग टर्मिनल बंद करून परत उघडा. त्यानंतरही आलं तर वेगळा धागा काढा, आणि मॅकओएसची आवृत्ती पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.