जस्तावर थेट ऑइल पेंट नको

होडीचा ट्रेलर गंजू नये म्हणून काय करावं या चर्चेत कोणीतरी ‘गॅल्व्हनाइज्ड (लोखंडावर जस्ताचा थर दिलेल्या) ट्रेलरला ऑइल पेंटचे दोन हात मारा, काम झालं’ असं सुचवलंय. कृपा करून हे करू नका. मालवणला आमच्या होडीच्या ट्रेलरला मी नेमकं हेच केलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नखाने उचललं तर हाताएवढा पापुद्रा सोलून आला, आतल्या बाजूला पांढरी भुकटी. ऑइल पेंटमधल्या तेलाची जस्ताच्या क्षारांशी क्रिया होऊन चक्क साबण तयार होतो, मग रंग धरणार कशाला? रंग द्यायचाच असेल तर गोड्या पाण्याने घासून धुवा, हलका पॉलिश पेपर मारा, गॅल्व्हनाइज्डला चालणारा टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर द्या आणि वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. नुसता इपॉक्सी उन्हात खडूसारखा होतो. वेल्डिंग किंवा ड्रिलिंग केलेल्या जागी आधी झिंक-रिच (भरपूर जस्ताची पूड असलेला) पेंट हवाच.

आणि ट्रेलरच्या सांगाड्याच्या चौकोनी पाइपच्या आतलं कोणीच बोललं नाही. तिथे ब्रश पोचत नाही, खारं पाणी आणि रेती साचून राहते. आमचा पाइप आतूनच खाल्ला गेला. आता होडी काढली की दर वेळी पाइपात नळी घालून गोडं पाणी सोडतो, खालच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत.