यहुदी धर्मशास्त्र: सक्तीचं युद्ध, ऐच्छिक युद्ध आणि नवरदेवाची सूट

पानगळ: बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' (Deuteronomy) नावाच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात लढाईआधीची घोषणा आहे. नवं घर बांधून गृहप्रवेश न केलेला, द्राक्षमळा लावून फळ न चाखलेला, वाङ्निश्चय होऊन लग्न राहिलेला आणि भित्रा, अशा चौघांनी परत जावं. मिश्ना, म्हणजे यहुदी तोंडी नियमांचा जुना संग्रह, मात्र म्हणते की नवरदेवानंही खोलीतून उठून आणि नवरीनंही मांडवातून निघून युद्धावर जावं. दोन्हींचा मेळ कसा घालायचा? आणि शत्रू चालून येण्याआधीच हल्ला केला, तर ते युद्ध कुठल्या प्रकारात बसतं?

उंबरठा: दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त युद्धं वेगळी. सूट 'मिल्हेमेत रेशूत'ला, म्हणजे ऐच्छिक युद्धाला. 'मिल्हेमेत मित्स्वा'ला, म्हणजे सक्तीच्या युद्धाला, सूट नाही. मिश्नातल्या सोता या ग्रंथाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी हे स्वच्छ लिहिलंय.

बाराव्या शतकातला धर्मशास्त्री मायमोनिडीस यानं राजांविषयीच्या नियमांत (अध्याय ५) सक्तीची युद्धं तीनच मोजली: कनानमधल्या सात राष्ट्रांशी, इस्राएलचे जुने वैरी अमालेक यांच्याशी, आणि चालून आलेल्या शत्रूपासून इस्राएलला सोडवण्यासाठी. सीमा वाढवायला किंवा राजाचा दरारा वाढवायला केलेलं युद्ध ऐच्छिक. सक्तीच्या युद्धाला राजा कुणाला न विचारता निघतो. ऐच्छिक युद्धाला सॅनहेड्रिनची, म्हणजे ७१ जणांच्या सर्वोच्च धर्मन्यायालयाची, परवानगी लागते. तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, याच्या जोडीला मुख्य याजकाकडच्या उरीम व थुम्मीमचा कौल घ्यायलाही सांगतो.

एक गल्लत नेहमी होते: सक्तीचं युद्ध म्हणजे थेट कत्तल, असं लोक धरून चालतात. मायमोनिडीसच्या मते तहाची बोलणी दोन्ही प्रकारांत आधी करावीच लागतात. वेढा घालताना तीनच बाजू रोखायच्या, चौथी पळून जाऊ पाहणाऱ्यांसाठी मोकळी. फळझाडं तोडायची नाहीत.

तळटीप: 'सूट' शब्दाला माझी हरकत आहे. परत फिरलेले ते चौघे घरी जाऊन बसत नाहीत. सैन्याला अन्नपाणी पुरवतात, रस्ते दुरुस्त करतात. खरी सुट्टी वेगळ्यांना. घरात राहायला गेलेला, मळ्याचं फळ मोल भरून खायला मोकळं करून घेतलेला आणि वाङ्निश्चय झालेल्या मुलीशी लग्न लागलेला, यांना वर्षभर जागचं हलवायचं नाही, पाणीसुद्धा वाहायला लावायचं नाही. त्याचा आधार अनुवाद २४:५.

मिश्नाची मोजमापं तर एखाद्या तलाठ्यानं लिहावीत तशी आहेत. कडब्याची कोठी, गोठा, लाकडाची वखार हे सगळं 'घर' धरतात, मग ते बांधलेलं असो, विकत घेतलेलं असो की वारशानं आलेलं. देवडी, ओसरी, सज्जा मात्र चालत नाही. मळा म्हणजे किमान पाच फळझाडं, पाच वेगवेगळ्या जातींची असली तरी चालतील. चार असतील तर रांगेत उभं राहा. घटस्फोट दिलेल्या स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावणाऱ्यालाही सवलत नाही.

भित्र्याबद्दल वाद आहे. रब्बी अकिवा म्हणतात शब्दशः घ्या: ज्याला उपसलेली तलवार बघवत नाही तो. रब्बी योसे हगलीली म्हणतात, आपल्या पापांची धास्ती घेतलेला माणूस. आणि त्याची चारचौघांत शोभा होऊ नये, घर-मळ्याच्या आडोशानं निघून जाता यावं, म्हणूनच बाकीची कारणं जोडली. मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण एकाचं भय रांगेत पसरतं. त्याच मिश्नात सैन्याच्या पाठीमागे लोखंडी कुऱ्हाडी घेतलेले पहारेकरी आहेत. लढाई जुंपल्यावर पळणाऱ्याचे पाय तोडायची त्यांना मुभा.

माजघर: आधीच केलेल्या हल्ल्याचा मुद्दा राहिला. तालमूदात सोता ग्रंथाच्या ४४ब पानावर रावा हा विद्वान म्हणतो: यहोशवाची कनान जिंकण्याची युद्धं सक्तीची, राजा दाविदाच्या घराण्याची विस्ताराची युद्धं ऐच्छिक, यावर दुमत नाही. वाद फक्त शत्रू पुढं चालून येऊ नये म्हणून त्याचं बळ आधीच खच्ची करणाऱ्या युद्धाचा. रब्बी यहूदा त्याला 'मित्स्वा' म्हणतात, इतर विद्वान 'रेशूत'. गंमत म्हणजे घर-मळावाले दोन्ही मतांनी परत फिरतातच, कारण रब्बी यहूदांच्या वर्गवारीत पूर्ण सक्तीचा 'होवा' हा वेगळा वर्ग आहे. फरक एवढाच की मित्स्वा मानलं तर लढणारा त्या वेळी दुसऱ्या धर्मकर्तव्यांतून मोकळा. जेरुसलेम तालमूद या तालमूदच्या दुसऱ्या आवृत्तीत रब्बी यहूदांची विभागणी आणखी सोपी आहे: आपण चालून गेलो तर ऐच्छिक, ते चालून आले तर सक्तीचं.

पानगळ: आभार. मग नवरी खरोखर लढते का? आणि आजच्या इस्रायलमध्ये यातलं काय लागू आहे?

माजघर: सोळाव्या शतकातला मायमोनिडीसचा भाष्यकार रादबाझ दोन उत्तरं देतो: नवरदेव गेला की नवरीचा मांडव आपोआप मोडतो, किंवा बायका पाणी आणि अन्न पुरवतात. शस्त्र धरण्यापर्यंत तो जात नाही.

आज राजा नाही, सॅनहेड्रिनही नाही, म्हणून ऐच्छिक युद्धाची प्रक्रियाच बंद पडली आहे. धार्मिक झायोनिस्ट (इस्रायल राष्ट्राला धार्मिक अर्थ देणारे) रब्बी इस्रायलची युद्धं बहुधा 'चालून आलेल्या शत्रूपासून सोडवणं' या कलमात बसवतात. राजा नसताना त्याचे अधिकार समाजाकडे येतात, असं विसाव्या शतकातले रब्बी कूक यांनी लिहिलं होतं. त्याचाही आधार घेतला जातो. १९८२ मध्ये इस्रायली सैन्याच्या बैरूतच्या वेढ्यात चौथी बाजू मोकळी ठेवायला हवी, असं तेव्हाचे मुख्य रब्बी गोरेन यांनी मांडलं आणि रब्बी यिस्राएली यांनी त्याला विरोध केला.

तळटीप: भरतीचा कायदा मात्र नागरी आहे; नवं घर किंवा मळा दाखवून त्यात सुटका नाही. हरेदी, म्हणजे कट्टर सनातनी यहुदी, धर्मविद्यार्थ्यांची सवलतही या चौघांतून आलेली नाही. ती १९४८ मध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी सुमारे ४०० जणांना दिलेल्या स्थगितीतून वाढली, आणि २५ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना भरतीतून वगळायला कायद्याचा आधार उरलेला नाही असा निकाल दिला. हरेदी पक्ष मायमोनिडीसचं लेवींबद्दलचं (मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशाबद्दलचं) वचन पुढं करतो: लेवी युद्ध करत नाहीत, आणि देवाच्या सेवेला वाहून घेतलेला कुणीही त्यांच्यासारखाच. विरोधक त्याच मायमोनिडीसच्या राजांविषयीच्या नियमांचा सातवा अध्याय उघडून नवरदेवाची ओळ दाखवतात.