बोटाचं आणि शिरेचं हिमोग्लोबिन जुळत नाही, मीटर बदलावं का?

अक्राणी_सर्वे
राम राम मंडळी. मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गरोदर बायांचं हिमोग्लोबिन तपासायचं आहे. सरावात एकीचं बोटाच्या रक्तावर हातातल्या मीटरवर ९.८ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं, शिरेच्या रक्तावर लॅबमध्ये ११.१. दुसरीचं नेमकं उलट. मीटर बदलावं का?

लॅब_धुळे
इतक्यात नको. चूक यंत्राची की थेंबाची, ते आधी पाहा. शिरेचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्या, नळी ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करा, त्यातलाच थेंब मीटरवर लावा आणि तीच नळी सेल काउंटरला (लॅबमधल्या रक्त तपासणीच्या स्वयंचलित यंत्राला) पाठवा. आकडे जुळले तर मीटर ठीक आहे. तुमचा फरक कधी वर, कधी खाली जातोय, म्हणून मला थेंबाचाच संशय आहे; यंत्र बिघडलं तर बहुतेक वेळा एकाच बाजूला सरकतं.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिले दोन थेंब पुसा, तिसरा घ्या. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा घसरतो. त्यापेक्षा हात खाली सोडायला सांगा, नाहीतर दुसरं बोट टोचा. क्युवेट (थेंब घेऊन मीटरमध्ये घालायची छोटी प्लास्टिकची पट्टी) एका दमात भरली पाहिजे. अर्धी राहिली तर वरून थेंब न घालता टाकून द्या. बाहेरचं रक्त पुसताना उघड्या टोकाला गॉज लागला की आतलं रक्त शोषलं जातं, हे तर फारच वेळा होतं. मध्ये बुडबुडा दिसला तर तीही बाद.

तळोदा_फिल्ड
उन्हाचं बघा ताई. मीटर हिमोक्यू २०१+ मॉडेलचं असेल तर क्युवेट १५ ते ३० अंशात ठेवायच्या असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. डबी बंद गाडीत ठेवू नका, तपासणी सकाळीच उरका. आतलं रसायन ओलाव्यानं खराब होतं, म्हणून एक क्युवेट काढली की झाकण लगेच लावा. डबी उघडल्याची तारीख वर लिहा. ३ महिन्यांनंतर वापरू नका.

अक्राणी_सर्वे
नळीची तुलना किती जणींची करू? आणि तोरणमाळची गावंही आहेत.

लॅब_धुळे
चाळीसेक तरी, आणि त्यात ८ च्या खालच्याही हव्यात. नुसता सहसंबंध काढू नका, तो चांगला दिसूनही मीटर सगळीकडे एक ग्रॅम कमी दाखवू शकतं. प्रत्येकीचा फरक मांडा.

तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, आणि उंचीवर हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या निकषांनुसार १००० ते १४९९ मीटरला मोजलेल्या आकड्यातून ०.८ ग्रॅम वजा करायचे, नाहीतर तिथला रक्तक्षय कमी दिसेल. त्याच निकषांत शिरेचं रक्त आणि सेल काउंटर यांना पसंती आहे. तालुक्यातलं रक्तक्षयाचं प्रमाण छापायचं असेल तर तेच करा. बोटाचा आकडा बाईला तिथल्या तिथे उपकेंद्रात पाठवायला वापरा.