२०१३ची हार, २०१४चं विजेतेपद: स्पर्सने नेमकं काय बदललं?

प्रश्न: अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने मायामी हीटविरुद्ध २०१३च्या फायनलचा सहावा सामना हातातून घालवला. पुढच्या वर्षी फायनलमध्ये त्याच मायामीला सामन्यांत ४-१ने हरवलं. डंकन, पार्कर, जिनोबिली हे मुख्य खेळाडू तेच, मग फरक कुठे पडला?

प्रतिसाद १: आधी ती हार नीट बघा. स्पर्सकडे ९५-९२ची आघाडी, मायामीच्या लेब्रॉनचा थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) हुकला, पण रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) त्याच्याच संघातल्या बॉशने घेतला आणि ५.२ सेकंद उरले असताना रे ॲलनने बरोबरी साधली. स्पर्सचा उंच डंकन तेव्हा बाकावर होता. रिबाउंड हातात येईपर्यंत बचाव संपत नाही. शॉट सुटताच पाचही जणांनी आपापला माणूस बॉक्स-आउट करायलाच हवा, म्हणजे अंगाने अडवून बास्केटपासून दूर ठेवायला हवा.

प्रतिसाद २: माझ्या मते कळीचा बदल स्पर्सचा बोरिस डिऑ. २०१४च्या फायनलच्या तिसऱ्या सामन्यापासून तो स्प्लिटरऐवजी सुरुवातीच्या पाचांत आला. पिक-अँड-रोलवर (एक जण चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे धावतो) मायामीचे दोघे चेंडूवाल्यावर धावायचे. मधे डिऑला पास मिळाला की पुढे चार विरुद्ध तीन! मात्र चेंडू लगेच सोडायचा. क्षणभर रेंगाळलात तर बचाव सावरतो.

प्रतिसाद ३: मिनिटांची वाटणी विसरू नका. २०१३-१४च्या मोसमात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सामन्यामागे सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही, तरी ६२ विजय. जूनमध्ये पाय ताजे राहिले ते त्यामुळेच.